काशीबाय गुरुवारी घरी असते

अनंता,

तुझ्या घरातला फोन अजून वाजतो.

तुझं तेरावं पार पडलं, बाहेरगावचे पाहुणे आपापल्या वाटेने परतले, आणि त्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी, दिवेलागणीच्या सुमारास, ओटीवरचा तो फोन वाजू लागला. वहिनींनी तो उचलला नाही. वाजून थांबला, थोड्या वेळाने पुन्हा वाजला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या लॅबमध्ये आल्या आणि रक्त द्यायला आलेल्या माणसांच्या बाकावर बसल्या. मी आत बोलावलं, तर आल्या नाहीत.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "गुरुवारचो तो फोन माका आयकवणा नाय. घेवन काय सांगू? काशीबाय मेली म्हणान सांगू? काढून टाकतंय मी तो. तुमी काय ता सांगा."

मी त्यांना म्हटलं, एक गुरुवार थांबा. का म्हटलं, ते त्या वेळी मला ठाऊक नव्हतं. इतकंच जाणवलं, की तो फोन निघाला तर आपल्या दोघांतला एक वाद कायमचा अर्धवट राहील, आणि तो अर्धवट राहण्यात माझा वाटा मोठा आहे.

काशीबाय कोण, हे तुला सांगायची गरज नाही. तरीही मी ते पहिल्यापासून मांडून बघतो आहे. काचपट्टीवरचं रक्त नीट पसरलेलं नसेल, तर पुन्हा नवी काच घ्यावी लागते. तसंच हे.

तू मुंबईतली पॅथॉलॉजी शिकवण्याची नोकरी सोडून मालवणात परत आलास, तेव्हा माझ्या लॅबच्या मागची खोली रिकामी होती. आपल्या जिल्ह्यातल्या गावोगावच्या छोट्या लॅब तंत्रज्ञ मुलंमुलीच चालवतात; सूक्ष्मदर्शकाशी डोळा लावून बसणारा डॉक्टर तिथे बहुधा नसतोच. त्यांच्यासाठी रविवारचा वर्ग काढायचं आपण ठरवलं. नोकरी सोडून रोज मालवणात येणं त्यांना शक्य नव्हतं. म्हणून रविवारी हाताने करायचं ते इथे, आणि आठवडाभर बघायचं, विचार करायचं ते आपापल्या घरी. सूक्ष्मदर्शकाच्या नळीला कॅमेरा टेकवून तू फोटो काढायचास, मी त्यातले निवडायचो, आणि सीडी एसटीच्या कंडक्टरच्या हाती देवगड, खारेपाटण, दोडामार्गला रवाना व्हायच्या. घरी संगणक नसला, तर मुलं बाजारातल्या सायबर कॅफेत जाऊन त्या लावायची.

या पद्धतीला इंग्रजीत एक नवं नाव मिळालं आहे, असं तू कुठेसं वाचलंस आणि मला त्याचा मराठी शब्द विचारलास. मी दोन दिवस विचार करून माहितीपत्रकासाठी लिहिलं, 'संमिश्र अध्ययन'. तू तो कागद हातात धरलास आणि किती हसलास!

"संमिश्र? आंब्याच्या कलमांका घालतत ता खत काय रे?"

"मग तू सांग."

"कालवलेली शिकवण म्हण. एका बाजूक भात, एका बाजूक सार. ताटात वाढून झाला म्हणजे जेवण झाला काय? हातान कालवूचा लागता. कालवल्याशिवाय चव नाय."

"ते अशुद्ध वाटेल."

"मेल्या, तू घरात पण अर्ज केल्यासारखो बोलतंस. बायलेकडे मीठ मागताना खाली सही करतंस काय रे?"

माहितीपत्रकात माझाच शब्द छापला गेला. मुलांच्या तोंडी मात्र तुझा शब्द बसला. 'रविवारी कालवूक जातंय' असं ती घरी सांगून निघत, हे मला अलीकडे कळलं.

तुझे नमुने आठवतात. सुई टोचायच्या सरावासाठी तू सायकलच्या ट्यूबचा आणि फोमचा एक हात केला होतास, आणि त्याच्या शिरांमध्ये कोकमाचं आगळ भरलं होतंस. मुलं पहिल्यांदा सुई घालत, सिरिंजमध्ये तो गडद तांबडा रस चढे, आणि कोणाच्या तरी तोंडून हमखास निघे, "सर, ह्याका साखर घातली तर सरबत होयत." सोमवारी सकाळी आगळातल्या मिठाने सुया चोंदलेल्या असत, आणि त्या हातावर मिठाचा पांढरा थर आलेला असे. मी तुला म्हणालो होतो, की शरीराचं सोंग शरीरासारखं वागत नाही. तू म्हणालास, "पहिल्या टोचणीक हात कापता ना, त्या कापण्यापुरता पुरे." तुझं म्हणणं बरोबर होतं. ते मी तेव्हा मान्यही केलं होतं. रबराच्या हाताशी माझं भांडण नव्हतंच.

भांडण झालं ते काशीबायवरून.

एका सीडीवर तू एकाच काचेचे फोटो घातलेस, आणि खाली चार ओळी लिहिल्यास: काशीबाय, मासे विकते, मालवण. दम लागतो. गुरुवारी संध्याकाळी घरी असते. आणि तुझ्या घरचा नंबर. मी विचारलं, गुरुवारीच का? तू माझ्याकडे अशा नजरेने पाहिलंस, जणू मी मालवणात जन्मलोच नव्हतो. "गुरुवारी मासळी खाता कोण? गिऱ्हाईक नाय, म्हणान ती घराक."

मग मुलं फोन करू लागली, आणि फोनवर तू काशीबाय होऊ लागलास.

एका गुरुवारी मी काही कामाने तुझ्याकडे आलो, तर तू ओटीवर खुर्चीत बसला होतास, कानाला रिसीव्हर, आणि डोक्यावरून पंचा पदरासारखा घेतलेला. फोनवरच्या माणसाला तो दिसणार नव्हता. तरी तू तो घेतला होतास, आणि मधूनमधून सावरतही होतास.

"कोण ता? देवगडचो? खंयच्या वाडीतलो रे तू? ... दम लागता रे बाबा. जिनो चढाक गेलंय काय छातीत धडधडता, डोळ्यांफुडे काळोख येता ... जेवतंय ना. बांगडो असता, तारलो असता. उपाशी कित्या ऱ्हवतलंय? मासळीवाली मी!"

वहिनी दारात उभ्या राहून तोंडावर पदर धरून हसत होत्या. मी हसलो नाही. तू फोन ठेवलास, पंचा खांद्यावर टाकलास, आणि क्षणात माझा शाळासोबती अनंत झालास.

त्या संध्याकाळी आपण धक्क्यापर्यंत चालत गेलो. होड्या वर ओढून ठेवलेल्या होत्या. मी माझं म्हणणं शक्य तितक्या शांतपणे मांडलं. पॅथॉलॉजीचं मोठेपण हेच, की ती माणसाच्या सांगण्यावर विसंबत नाही. माणूस विसरतो, लाजतो, वाढवून सांगतो. काच यातलं काहीच करत नाही. काशीबायच्या काचेवर लहान, फिकट तांबड्या पेशी होत्या, मधोमध पांढऱ्या पडलेल्या; काही पेन्सिलीसारख्या लांबट. लोह कमी. उत्तर अर्ध्या मिनिटाचं. त्यासाठी देवगडच्या मुलाने पंचा पांघरलेल्या माणसाला फोन कशाला करायचा?

"लोह कमी हा ता झाला," तू म्हणालास. "कित्या कमी? कारण काय त्याचा?"

"ते डॉक्टर बघतील."

"बघतीत. पण डॉक्टराक कोण सांगतलो? भास्करा, तुझ्याकडे रक्त येता ता नळीत येता, झाकण लावन. ह्या पोरांकडे माणूस येता. बाकड्यार बसता, हात फुडे करता, आणि सुई जाईसर बोलत ऱ्हवता. ता बोलणा जाता खंय?"

"आणि उद्या ही मुलं गोळ्या लिहून द्यायला लागली तर?"

तू लगेच उत्तर दिलं नाहीस. हा प्रश्न तुलाही सतावत होता, हे मला तेव्हाच दिसलं होतं. तुझं मौन मी माझा विजय मानला, आणि विषय बदलला. आज वाटतं, तिथे थांबायला हवं होतं. दोघेही एकाच भीतीपाशी आलो होतो. आणखी थोडं उभं राहिलो असतो, तर कदाचित तोडगाही सापडला असता.

माझा दुसरा आक्षेप याहून मोठा होता. काही आठवड्यांत माझ्या कानावर आलं, की काशीबाय प्रत्येकाला वेगळं सांगते. देवगडच्या रुपेशला ती जेवणाबद्दल सांगते, खारेपाटणच्या मनालीला भलतंच काही, आणि दोडामार्गच्या दीपालीशी तर केवळ गप्पा मारते. मी तुला म्हणालो, काच एक आणि उत्तरं अनेक, हे शास्त्र नव्हे, दशावतार झाला. ही शिक्षणातली भेसळ आहे. 'भेसळ' हा शब्द मी वापरला, आणि तो तुला लागला. तू फक्त एवढं म्हणालास, "उत्तर एकच आसा. पण जेवढा विचारतलस, तेवढाच ती सांगतली."

"मग मला सांग, काय आहे तिला?"

"फोन कर. गुरुवारी घराक असता."

मी फोन करणार नाही, हे तुला ठाऊक होतं. मी जिल्ह्यातला इतक्या वर्षांचा पॅथॉलॉजिस्ट, आणि तुला 'मावशी' म्हणून तुझी प्रकृती विचारू? त्यानंतर कितीदा आपण त्या विषयाच्या कडेकडेने चाललो, पण आत गेलो नाही. उलट मी वर्गात एक नियम केला: केस ज्याची त्याने सोडवायची, आपापसांत चर्चा करायची नाही, म्हणजे नक्कल होणार नाही. तू मान डोलावलीस. तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा एक हसू होतं. त्या हसण्याचा अर्थ मी इतके दिवस चुकीचा लावत होतो, असं आता मला वाटू लागलं आहे.

काशीबाय मात्र मुलांच्या घरांत शिरली. रुपेशच्या आईला ती खरीच आहे असं वाटलं. पोर दर गुरुवारी फोनवर एका आजारी बाईची चौकशी करतो. आईने काय समजावं? एका रविवारी त्याने नाचणीचं पीठ आणि गुळाची ढेप असलेली पिशवी तुझ्यासमोर ठेवली. "आवशीन धाडल्यान. काशीबायक रक्त वाढाक." बिचारा लाजेने लाल झाला होता, काशीबाय नाही हे आईला सांगायचं धाडस त्याला झालं नव्हतं. तू गंभीरपणे पिशवी घेतलीस. पुढच्या गुरुवारी काशीबायने त्याला फोनवर सांगितलं, म्हणे, "तुझ्या आवशीक सांग, भाकरी ब्येस झाली." आणि ती भाकरी तू खरोखर खाल्ली होतीस, गुळासकट, हे वहिनींकडून मला कळलं. खोटं बोलायचं नाही, असा तुझा नियम होता. काशीबायच्या बाबतीतसुद्धा.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. एका गुरुवारी लॅब बंद करून मी तुझा नंबर फिरवला होता. पलीकडून काशीबायचा आवाज आला: "कोण ता?" माझ्या ओठांवर एक प्रश्न तयार होता, नेमका, व्यवस्थित, प्रमाण मराठीतला. पण तो आवाज ऐकताच मला कळेना, की या बाईशी मी कोण म्हणून बोलायचं. मी रिसीव्हर खाली ठेवला. त्या रविवारी मुलांसमोर तू म्हणालास, "काशीबायक ह्या गुरुवारी एक मुको फोन इलो. कोणतरी बुजरो हा." आणि माझ्याकडे पाहिलंही नाहीस. तुला कळलं होतं का रे? मला खरंच जाणून घ्यायचं आहे. कळलं असेल, तर तू मला सांभाळून घेतलंस. नसेल, तर आता कळव, असं म्हणण्याचीही सोय राहिलेली नाही.

तू गेल्यानंतरच्या पहिल्या वर्गाला मुलं आली. शिकवण्यासारखं काही नव्हतं. ती तुझ्या त्या रबराच्या हाताभोवती बसून राहिली. मी कपाटातून काशीबायची काच काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. हातांना काहीतरी काम हवं होतं. ती काच मुळात माझ्याच संग्रहातली. तिच्यावर माझ्या अक्षरात नंबर आहे, नाव नाही. ती कोणाची, असं तू निवडताना विचारलं होतंस, आणि मी म्हणालो होतो, "मला काय माहीत?" ज्या कोणा बाईचं किंवा बुवाचं ते रक्त असेल, त्याच्याबद्दल मला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. आता उत्सुकता वाटते, आणि आता ती निरुपयोगी आहे.

मुलं हळू आवाजात बोलत होती. नियम मोडण्याचा त्यांचा हेतू नव्हता. तुझ्या आठवणी काढताना काशीबाय येणं अपरिहार्य होतं. मनाली मला म्हणाली, "सर, मी तिला शी कशी होते ते विचारलं होतं. अनंत सर इतके लाजले..." मग तिने स्वतःलाच सुधारलं, "म्हणजे काशीबाय लाजली. आणि म्हणाली, काळी, कोळशासारखी."

रुपेश एकदम उठून उभा राहिला. "माका नाय बोलली ती ह्या!"

"तू विचारलंस?"

"मी जेवणाचा विचारलंय. मासे खाता, पण पोटात जळजळता, इतक्याच सांगल्यान. मी म्हटलंय, पित्त असतला."

"मी पुढे गेले होते," मनाली म्हणाली. ती बोलता बोलता माझ्यासाठी प्रमाण मराठीत आणि रुपेशसाठी मालवणीत जात होती. "काळी म्हणजे आत कुठेतरी रक्त जातंय. म्हणून मी विचारलंय, मावशे, वखद काय घेतंस काय? औषध काहीच नाही म्हणाली. मग मी अडकले."

खिडकीपाशी बसलेली दीपाली इतका वेळ काहीच बोलली नव्हती. ती फोनवर वेळ घालवते, अशी माझी तिच्याबद्दल तक्रार होती. सुरमई काय भावाने गेली, टोपली किती जड असते, नवरा समुद्रात असतो तेव्हा घरी कोण असतं, असलं काहीतरी ती विचारत बसे.

"पण ती गोळी खायची," दीपाली म्हणाली.

"खंयची गोळी?"

"टकलेर टोपली घेवन मान धरता, गुडघे धरतत, म्हणान. सकाळी उठल्याबरोबर एक, धक्क्यावरना इल्यार एक. उपाशी पोटार. दुकानातना घेता."

"मगे माका नाय कित्या म्हणाली?" मनाली जवळजवळ रडकुंडीला आली होती.

"गोळी म्हणजे वखद काय?" दीपालीला या प्रश्नाचंच नवल वाटलं. "माझी आवस पण खाता. तिका विचार, वखद घेतंस? नाय म्हणतली. वखद वैद्याचा, नायतर डागदराच्या बाटलेतला. गोळी ती गोळी."

मी सूक्ष्मदर्शकावर वाकलो. मला जे दिसलं, ते मी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं. फिकट पेशींच्या मधूनमधून बिंबिका, म्हणजे रक्त गोठवणारे ते बारीक ठिपके, नेहमीपेक्षा बरेच अधिक विखुरलेले होते. शरीरातून रक्त झिरपत राहिलं, की त्या पुष्कळदा अशा वाढतात. मी तेव्हा ते मनात टिपलं होतं आणि सोडून दिलं होतं, कारण माझं उत्तर आधीच तयार होतं. त्या दुपारी मी ते मुलांना सांगितलं. माझ्याकडचा तेवढाच एक घास होता. तोही ताटात वाढला.

मग सगळं एकत्र आलं. वेदनाशामक गोळी उपाशी पोटी, तिने पोटात झालेली जखम, त्या जखमेतून थेंबाथेंबाने जाणारं रक्त, त्याबरोबर जाणारं लोह, आणि जिना चढताना लागणारा दम. काशीबाय पहिल्यापासून एकच होती. तिने कोणालाही वेगळं सांगितलं नव्हतं. प्रत्येकाने तिला आपल्या ओंजळीएवढं विचारलं होतं, आणि त्या ओंजळी एकमेकींना लागू नयेत, असा नियम मी केला होता.

मला एकच कुतूहल सारखं छळतं आहे. तू हे असंच योजलं होतंस का? माझ्या नियमाला तू हसलास, ते यासाठीच का, की आता माझ्या नियमामुळेच ही केस कोणाला सुटणार नाही, आणि कधीतरी वैतागून मी तो मोडेन, किंवा मुलं मोडतील? का तुला तसलं काही नको होतं, आणि तू केवळ एक खरीखुरी मासेवाली डोक्यात वागवत होतास, जी खऱ्या माणसांसारखी विचारलं तेवढंच बोलत होती? मी दोन्ही शक्यता उलटसुलट करून पाहतो. सूक्ष्मदर्शकाच्या चक्रीने एकदा वरचा थर स्पष्ट होतो, एकदा खालचा. दोन्ही एकाच वेळी होत नाहीत.

वाद मात्र मी पूर्ण सोडलेला नाही. रुपेशने लगेच विचारलं, "मग तिका सांगूक होया, गोळी बंद कर म्हणान?" आणि मी म्हणालो, नाही. ते आपण सांगायचं नाही. आपण नमुन्याबरोबर चिठ्ठी लिहायची, तिने काय सांगितलं ते तिच्या शब्दांत लिहायचं, आणि तिला डॉक्टरांकडे पाठवायचं. गोळी बंद करणं, बदलणं हे त्यांचं काम. मुलांनी मान्य केलं. तू असतास तर तूही मान्य केलं असतंस, असं मला वाटतं. धक्क्यावर त्या संध्याकाळी आपण जिथे थांबलो होतो, त्याच्या एक पाऊल पुढे मी तुझ्याशिवाय जाऊन आलो.

"पण सर," दीपाली म्हणाली, "ती जायला हवी ना डॉक्टरकडे. तिला पटवावं लागेल. ते कोण करणार?" आणि मग, जरा थांबून, मालवणीत, स्वतःशीच बोलल्यासारखी: "आणि ती आता गावतली खंय?"

मी काच पुसून जागेवर ठेवली.

पुढच्या गुरुवारी दिवेलागणीला मी तुझ्या घरी गेलो. वहिनींना म्हटलं, आजचा वाजला तर बघू, नाहीतर उद्या कळवून फोन काढून घेऊ. त्यांनी चहा ठेवला. मी ओटीवर तुझ्या खुर्चीत बसलो. आधी शेजारच्या बाकावर बसलो होतो, मग उठून खुर्चीत आलो. खुर्चीच्या पाठीवर तुझा पंचा होता, धुऊन घडी घातलेला.

फोन वाजला.

तुला खरं सांगतो, पंचा मी केव्हा डोक्यावरून घेतला, ते मला आठवत नाही. वहिनी चहाचा कप घेऊन दारात आल्या, थबकल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले; पण तोंडातून शब्द निघाले ते असे: "भाऊजी, पदर उलटो घेतलास." त्यांनी कप खाली ठेवला, पंचा काढून नीट माझ्या डोक्यावर घातला, आणि आत गेल्या.

मी रिसीव्हर उचलला. सवयीने "नमस्कार, डॉक्टर..." एवढं ओठांपर्यंत आलं होतं.

"काशीबाय आसा काय?" पलीकडून दीपालीचा आवाज.

"आसंय," मी म्हणालो. माझा आवाज मला अनोळखी वाटला. शाळा सोडल्यापासून मी या बोलीत एक सबंध वाक्य उच्चारलं असेल, असं मला वाटत नाही. "बोल गो चेडवा."

दोडामार्गच्या रस्त्यावरून एक गाडी गेली, तिचा हॉर्न तेवढा आला. मग तिने नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"मावशे, आवाज कसो गो झालो तुझो?"

"बसलो. थंडी बाधली."

"दम लागता अजून?"

"लागता गो. जिनो चढाक गेलंय काय छातीत धडधडता."

ती आता सावरली होती. तिच्या आवाजात एक शिस्त आली, जी आपण तिला शिकवली होती. पहिल्यापासून, पायरीपायरीने.

"वखद काय घेतंस?"

मला उत्तर ठाऊक होतं, अनंता. तिलाही ठाऊक होतं. मी सांगून टाकलं असतं, तर केस संपली असती, वहिनींचा फोनही निघाला असता. पण त्या पंच्याखाली बसल्यावर मला पहिल्यांदाच कळलं, की काशीबाय काहीच लपवत नव्हती. तिला खरोखरच वाटत होतं, की ती वखद घेत नाही. आणि मी, जो माणसाच्या सांगण्याला आयुष्यभर भेसळ समजत आलो, मी तिच्या वतीने अगदी खरं तेच बोललो.

"नाय गो. वखद खंयचा?"

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता.

"आणि गोळी?" तिने विचारलं.

वहिनी आतून ऐकत होत्या. फोन काढण्याचं त्या पुन्हा बोललेल्या नाहीत.